पापलेटाचा घसारा

बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी घसारा काढण्याच्या दोन पद्धती शिकवतात. एक सरळ रेषेची आणि दुसरी घटत्या शिलकेची. पहिलीत कचेरीतल्या टेबलाची किंमत दर वर्षी सारखी उतरते, दुसरीत आधी भराभर आणि मग रेंगाळत उतरते. टेबल मात्र दोन्ही पद्धतींत जागच्या जागी असतं आणि टेबलामागचा कारकूनही. या दोन्ही पद्धतींना दाद न देणारा एकच माल माझ्या पाहण्यात आहे. तो म्हणजे ताजा मासा. त्याचा घसारा वर्षावर नसतो, तासावर असतो. सकाळी सहा वाजता मालवणच्या रापणीतून वाळूवर आलेला सरंगा जहागीरदार असतो. दुपारी बाराला तो मध्यमवर्गीय होतो. आणि रात्री पुण्यात पोचेपर्यंत त्याची अशी काही अवस्था होते, की आपण मूळचे कोण हे पटवून द्यायला त्याला आलं, लसूण, गरम मसाला असे चार साक्षीदार बरोबर घेऊन पानात उतरावं लागतं.

कोकणी माणसाच्या मासे शिजवण्याचा सगळा इतिहास या घसाऱ्यावर उभा आहे, असं माझं मत आहे. एका वाक्यात सांगायचं तर, मसाला हा समुद्रापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढतो. हा सिद्धांत मी अद्याप कुठल्या विद्वत्सभेत मांडलेला नाही. पुण्यात इतिहासाचं काम भारत इतिहास संशोधक मंडळात चालतं आणि मंडळ आहे सदाशिव पेठेत. सदाशिव पेठेत उभं राहून माशाचा विषय काढायचा तर वक्त्याची आणि श्रोत्यांची, दोघांचीही तयारी लागते. १९१० साली राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी हे मंडळ काढलं. योगायोग असा, की त्याच साली मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक बाहेर पडलं. इकडे कागद जमा होऊ लागले, तिकडे कालवणं. कागदांचे पुढे खंडच्या खंड निघाले. कालवणांचा इतिहास मात्र बराचसा बायकांच्या हातात राहिला, आणि हात काही रुमालात बांधून दप्तरात ठेवता येत नाहीत.

आमच्या घरी हे दप्तर आजीकडे होतं. ती वेंगुर्ल्याची. आजोबांना खडकीला नोकरी लागली म्हणून १९५६ साली घाट चढून पुण्याला आली. माशाच्या बाबतीत तिचा विश्वास विकणाऱ्यावर नव्हता, स्वतःच्या अंगठ्यावर होता. डोळा काचेसारखा आणि फुगीर हवा, आत बसलेला नको. कल्ला उचलला की आत लालभडक दिसलं पाहिजे, विटकरी नव्हे. अंगठ्याने दाबलं की मांस पुन्हा वर आलं पाहिजे, खळगा राहता कामा नये. पापलेटासाठी आणखी एक तोंडी परीक्षा असे. कल्ल्यापाशी दाबायचं, पांढरं पाणी आलं तर पिशवीत, तांबूस आलं तर पुन्हा टोपलीत. एवढी तपासणी कर्जदारांची झाली असती तर आमच्या बँकिंग धंद्याची निम्मी बुडीत खाती वाचली असती.

आणि इतक्या परीक्षा घेऊन आणलेल्या माशाचं ती पुढे काय करी? जवळजवळ काहीच नाही. यातच सगळं आलं. तुकड्यांना मीठ, हळद आणि थोडं आगळ चोळून ती बाजूला ठेवायची. मग ओला नारळ, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चिमूटभर धणे आणि हळद पाट्यावर घ्यायची. वाटण इतकं बारीक, की बोटांना नारळ लागायचा नाही, नुसता ओलावा लागायचा. लसूण नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर तिच्या हयातीत माशाच्या जवळपास फिरकला नाही. वाटण पातळ करून उकळी आणायची, चार आमसुलं टाकायची आणि अगदी शेवटी तुकड्या सोडायच्या. बांगडा असेल तर तिरफळं ठेचून पडत; पण सरंग्याच्या आमटीत तिरफळ म्हणजे शास्त्रीय गायनात ताशा. त्यानंतरची पाच मिनिटं स्वयंपाकघरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. तुकड्या सोडल्यावर डाव घालायचा नाही, टोप दोन्ही कडांनी फडक्यात धरून गोल फिरवायचा. एकदा माझ्या आईने नवी नवी असताना डाव घातला, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “सूनबाई, ढवळायला ती डाळ नव्हे.” आई पुढची चाळीस वर्षं टोप फिरवत राहिली.

मुडदुशे आणि लेपे यांचा थाट तर याहून कमी. मुडदुशा हा पांढऱ्या मांसाचा, हलका, सज्जन मासा. मीठ, हळद, तिखट लावून, तांदळाच्या पिठात लोळवून तव्यावर टाकायचा की संपलं. आजारातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे मुगाच्या खिचडीऐवजी मुडदुशाचं सार देत. त्यामुळे लहानपणी मला तापाची कधी भीती वाटली नाही. ताज्या बोंबलाला तेवढं थोडं राबवावं लागे, कारण त्याच्यात मासा कमी आणि पाणी जास्त. चिरून, मीठ लावून, दोन पाटांमध्ये घालून वर वरवंटा ठेवायचा, पाणी निथळलं की तळायचा. या बोंबलाला इंग्रजांनी बदक का म्हटलं, याची एक गोष्ट सांगतात. सुका बोंबील मुंबईच्या डाकगाडीतून जायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’, त्याचं झालं ‘बॉम्बे डक’. गोष्ट चांगली आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधी छापलेलं सापडतं. पण जी गोष्ट ऐकून लोक माना डोलावतात ती खोटी आहे हे कळल्यावरही लोक माना डोलावतातच.

आता आमसूल. सागरी माशाच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असतं. मासा मेला, की जंतू त्याचं रूपांतर ट्रायमिथिलअमाइन नावाच्या पदार्थात करू लागतात, आणि ज्याला शेजारी ‘वास’ म्हणतात तो हाच. अमाइन हे अल्कलीच्या जातीचं. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार होतो आणि क्षाराला उडता येत नाही. म्हणजे वास टोपात बसून राहतो, जिन्यात उतरत नाही. आजीला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तिने आमसूल घातलं ते तिच्या आजीने घातलं म्हणून. शास्त्रज्ञांना प्रयोगशाळा लागली, आम्हाला आजी पुरली.

हेच आंबट आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एका राजाच्या मुदपाकखान्यातही होतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसं करावं इथपासून त्याने जेवावं काय इथपर्यंत त्यात सगळं आहे, आणि राज्यकर्त्यांच्या मानाने दुसरा भाग जास्त मनापासून लिहिलेला वाटतो. नद्यांतल्या आणि समुद्रातल्या मिळून पस्तीसेक प्रकारच्या माशांची त्यात नोंद आहे. मासे गळाला कसे लावावेत, कोणाला काय चारावं, हेही आहे. आणि पाककृती अशी, की मासा चिरून स्वच्छ धुवावा, चिंचेच्या कोळात शिजवावा, पिठात घोळवून तेलात लालसर तळावा, वर सैंधव, वेलची आणि मिरपूड भुरभुरावी. माझ्या सिद्धांताला हा पुरावा म्हणजे मागून घेतल्यासारखा मिळाला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, समुद्रापासून कितीतरी मजला दूर. वेंगुर्ल्याच्या म्हातारीने वेलची माशावर टाकलेली पाहून जीव दिला असता. राजाला ती टाकावी लागली, कारण तो राजा असला तरी घाटावरचा होता.

या सबंध पाककृतीत मिरची नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. कारण साधं आहे. मिरची तेव्हा अमेरिकेत होती आणि अमेरिका अजून कोणाला सापडायची होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला लागला, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला आणि त्यानंतर कधीतरी पोर्तुगीज गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. आमचं परंपरागत, सनातन, वाडवडिलांपासून चालत आलेलं लालभडक हुमण हे अशा रीतीने जेमतेम चार-पाचशे वर्षांचं आहे. त्याआधीचं हुमण नारळाचं, मिऱ्याचं, आल्याचं. रंगाने पिवळट-पांढरं असणार. ‘रेशाद’ हा शब्दही त्यांचाच, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ भरलेला. इथे एक सुजाण वाचक उठून विचारील, की अहो, रेशाद मसाला तर समुद्राच्या काठावरचा आणि तरी चांगला जाडजूड, मग तुमचा सिद्धांत कुठे गेला? सिद्धांत जागेवर आहे. त्या मसाल्यातलं व्हिनेगर पाहा. व्हिनेगर ही जहाजावर महिनोन् महिने काढणाऱ्या माणसाची सवय आहे. तो गोव्याच्या किनाऱ्यावर उभा होता हे खरं, पण त्याचं स्वयंपाकघर लिस्बनहून निघालेलं होतं. अंतर कुठून मोजायचं, हा प्रश्न आहे. पापलेट हे नावही तिकडूनच आलं. पोर्तुगिजांचा ‘पांपो’, इंग्रजांनी त्याचा ‘पॉम्फ्रेट’ केला, आपण त्याला पापलेट करून पोटात घातला. एरवी त्याचं आमच्याकडचं नाव सरंगा.

मासा आणि पुणे यांचं नातं मात्र मुळापासूनच अवघड आहे. पुण्याला मोठं केलं पेशव्यांनी आणि पेशवे मूळचे श्रीवर्धनचे. म्हणजे भर समुद्रकाठचे! घरासमोर समुद्र, समुद्रात मासा, आणि ताटात वरणभात. याला निग्रह म्हणायचं की निष्काळजीपणा, हे ज्याचं त्याने ठरवावं. दंतकथा दोघांची एकच. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी दिली, असं चित्पावनही सांगतात आणि सारस्वतही. पण त्या एकाच परशुरामाच्या एकाच जमिनीवर एकाने नारळ पाहिला आणि दुसऱ्याने लाटेकडे पाहिलं.

सारस्वतांकडे यासाठी महाभारताचा आधार आहे. शल्यपर्वात सारस्वत मुनीची कथा येते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला, बाकीचे ऋषी अन्नासाठी दाही दिशांना गेले आणि भटकता भटकता वेद विसरले. सारस्वत मात्र सरस्वतीच्या काठी राहिला, कारण त्याची आई, म्हणजे नदीच, त्याला रोज मासे देत होती. दुष्काळ संपल्यावर साठ हजार ऋषी या तरुणाकडे पुन्हा वेद शिकायला आले. ही कथा मी आमच्या एका शाकाहारी शेजाऱ्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पण त्यांनी ते औषध म्हणून खाल्ले असतील.” पेशवाईत हा वाद एवढ्यावर मिटत नसे. शेणव्यांना ब्राह्मणाच्या सहाही कर्मांचा अधिकार आहे की फक्त तीनच, यावर पुण्यात शास्त्र्यांचा खल चाले, आणि त्या खलात मासा पदोपदी येई. त्याच काळात शिंद्यांच्या फौजेचे बक्षी होते जिवबादादा केरकर, सारस्वत. १७९५ साली खर्ड्याला निजामाविरुद्ध त्यांनी शिंद्यांची फौज चालवली. म्हणजे लढताना सहाही कर्मं चालत होती, पंगतीत तीन.

१७३९ साली चिमाजीआप्पांनी वसई घेतली. वसई म्हणजे माशांचं माहेर. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून घाटावर आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांतलीच एक, मेणवलीची दुसरी. पुण्याकडच्या माणसाने वसईहून यायचं आणि येताना घंटा आणायची, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

अर्थात त्या वेळी मासा आणायचा म्हटला असता तरी आणता कसा? नकाशावर पट्टी ठेवली तर पुण्यापासून समुद्र जेमतेम शंभर किलोमीटर. पण मध्ये सह्याद्री, आणि बैल ताशी किती चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. घाटावर पोचत असे ती सुकी मासळी. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्यांबरोबर सुकट, बोंबील, सोडे वर यायचे आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव विकले जायचे. हा घसाऱ्यावरचा सर्वांत जुना उपाय. मालमत्ता आधीच इतकी घसरवून ठेवायची, की पुढे घसरायला काही उरू नये. घाटावरच्या कितीतरी गरीब घरांत समुद्राची ओळख झाली ती भाकरीबरोबरच्या सुकटीतून. त्यांच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी मासेखाऊ समजत नाही.

ताजा मासा पुण्याला आला तो दोन गोष्टींनी, बर्फ आणि रेल्वे. बर्फ आधी आला, तोही कुठून, तर अमेरिकेतल्या बोस्टनहून. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून लाद्या कापून, भुशात गुंडाळून, जहाजाने १८३४ साली मुंबईत उतरवल्या गेल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्याच्या आइस्क्रीमची मेजवानी दिली आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसं झालं, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं होतं. बर्फाचा उपयोग माशासाठी करावा हे सुचेपर्यंत बऱ्याच शेटजींना शिंका आल्या असणार. मग रेल्वे. १८५८ साली पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली, पण बोरघाट तयार व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं उतारू खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर तट्टूवरून खंडाळ्याला चढत. माशाला पालखी कोण देतो? म्हणून पुण्यातल्या ताज्या मासळीचा शक मी १८६३ पासून धरतो.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांत पुण्याला दोन मंडया मिळाल्या. शहरात १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची मंडई उघडली. तिला महात्मा फुल्यांचं नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मिळालं. आणि त्याच सुमारास लष्कर भागात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या नावाचं मार्केट झालं, ते आजचं शिवाजी मार्केट. शहरच्या मंडईत वांगी, लष्करच्या मार्केटात मासे. दोन्हीकडे दगडी कमानी, दोन्हीकडे घासाघीस, पण एकीकडची पिशवी उघडी नेता येई आणि दुसरीकडची वर कोथिंबीर ठेवून. घाऊक बाजार पुढे गणेश पेठेत जमला. शिवाजी मार्केटला मार्च २०२१ मध्ये रात्री आग लागली आणि मासळी-मटणाचे कितीतरी गाळे जळाले. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या ओट्यांवर बसल्या होत्या, ती माणसं दुसऱ्या दिवशी राखेत सुरे शोधत होती.

आजी-आजोबा पुण्यात आले तेव्हा मासा मिळत होता, जागा मिळत नव्हती. शहरातल्या एका वाड्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या. मालकांनी विचारलं, “आपलं जेवणखाण कसं काय?” आजोबा म्हणाले, “भात खातो.” यात असत्य काही नव्हतं. ज्याच्याबरोबर भात खातो त्याचा प्रश्नात उल्लेख नव्हता. बिऱ्हाड थाटलं. आजी मासे करायची ते रविवारी सकाळी, मालक पर्वतीला गेले की. खिडकी बंद, दाराला आतून ओलं फडकं आणि खोलीत एकदम चार उदबत्त्या. काही दिवसांतच वाड्यात असा समज पसरला, की हे कुटुंब फार धार्मिक आहे, दर रविवारी काहीतरी पूजा असते.

मालकांची आई गुहागरकडची, ऐंशीच्या घरातली, सोवळ्यात वावरणारी. एका रविवारी ती काठी टेकत आजीच्या दाराशी आली. आजीच्या हातातला टोप तसाच राहिला. म्हातारीने उंबऱ्याबाहेर उभं राहून एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “सरंगा ना गो?” आजीने होय म्हटलं; नाही म्हणायला जीभ उचलली नाही. म्हातारी म्हणाली, “आमच्या परसामागे खारव्यांची घरं होती. लग्न होईतो हाच वास.” आणि जाता जाता, “आमसूल अंमळ कमी पडलंय. जिन्यात येतोय.” जन्मात मासा तोंडाला न लावलेल्या बाईने नुसत्या वासावरून कालवण तपासलं होतं. पुढे ती असेपर्यंत मालक पर्वतीला जरा उशिरापर्यंत थांबू लागले, आणि आजी आमसुलं चाराऐवजी सहा टाकू लागली. सहा आमसुलांचा हा प्रघात आमच्याकडे अजून आहे. मूळ वेंगुर्ल्याच्या पाककृतीत तो नाही. तो पुण्याचा.

माझा सिद्धांत खरा ठरवायला तर ही दोन जास्तीची आमसुलं पुरेशी आहेत. पण पुढे मसाल्याने पुण्यात जो धुमाकूळ घातला त्याला आमसुलांचा हिशेब पुरत नाही. बर्फातला मासा दोन दिवसांचा, मग चार दिवसांचा झाला. आलं आलं, लसूण आला, मग पाकिटातला मसाला, मग तंदुरी रंग. आता तर असा मासा मिळतो ज्याला स्वतःची काही चवच नाही, त्यामुळे ती जाण्याचाही प्रश्न नाही. त्याचं नाव बासा. हा मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीतला. पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, विनातक्रार. लग्नात, हॉटेलात, वाढदिवसाला जे काही ‘फिश’ नावाने समोर येतं ते बहुधा हेच. माझी मुलगी त्याला मासा समजते. तिला मी एकदा अख्खा लेपा पानात वाढला, तर तिने विचारलं, “बाबा, याच्यात आत काय आहे?” मी म्हटलं, “काटे.” ती म्हणाली, “मग ते का ठेवलेत?”

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण अंगठा होता. तिला घेऊन मी गणेश पेठेत गेलो.

इथे पापलेटाच्या सध्याच्या मानमरातबाविषयी सांगितलं पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं. आपला राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण. आंब्याचं झाड सोडलं, तर राज्याच्या मानचिन्हांपैकी तव्यावर टाकण्याजोगं हे पहिलंच. पण हा मान काही पापलेटाची चव पाहून मिळालेला नाही. सातपाटीसारख्या बंदरांत मोठं पापलेट दिसेनासं झालं, पिल्लंच जाळ्यात येऊ लागली, तेव्हा सरकारला त्याची आठवण झाली. त्याच साली माशांच्या बऱ्याच जातींची किमान लांबीही ठरवून देण्यात आली; त्याहून लहान मासा धरायचा नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती वेगळीच. पूर्वी हे काम खवळलेला समुद्र करायचा आणि नारळी पौर्णिमा त्याची मुदत संपवायची.

माणूस माशासाठी काय वाटेल ते करतो. कॉड नावाच्या एका पांढऱ्या माशावरून इंग्लंड आणि आइसलँड १९५८ ते १९७६ या काळात तीनदा एकमेकांच्या अंगावर बोटी घेऊन गेले. समुद्राच्या पलीकडे, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला तोच मासा शेकडो वर्षं धरत होते. इतका, की १९९२ साली सरकारला धंदाच बंद करावा लागला. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली ती बंदी बत्तीस वर्षं चालली. हजारो कुटुंबं किनारा सोडून गेली. तिथेही आज्या असतील, त्यांचेही अंगठे असतील. बत्तीस वर्षांत अंगठ्याचं काय होतं, याचा तक्ता आमच्या हिशेबाच्या पुस्तकात नाही.

गणेश पेठेत मावशींनी बर्फावर पापलेटं मांडली होती. पुरुषाच्या तळहातात मावतील एवढी. मुलीने सांगितल्याप्रमाणे डोळा पाहिला, कल्ला उचलला, अंगठ्याने दाबलं. मांस वर आलं. कल्ल्यापाशी पाणी पांढरं. सगळ्या परीक्षा पास. “घेऊ या,” ती म्हणाली.

“मोठी नाहीत का हो मावशी?” मी विचारलं.

“साहेब, ही मोठी व्हायची होती,” मावशी म्हणाल्या. “आता धरली ना.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी शेजारची पाटी पुढे सरकवली. “मुडदुशे न्या. ही एवढीच असतात. वाढायची राहिलेली नाहीत.”

मुलीने मुडदुशांचे डोळे तपासले. सहा निवडले. सातव्याचा कल्ला उचलून पाहिला आणि तो परत ठेवला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी पाकिटातून पैसे काढत राहिलो.